सब्जा, चिया आणि आमची बिकणां

मे म्हणजे आमच्याकडे गोव्यात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. सुकी सुंगटं (कोळंबी) किती दिवस टिकतात, खाऱ्या मासळीतलं मीठ कसं काढायचं, असं काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत होते. आली ती सगळी बियांची पत्रं. त्यातली चार घेते.

सून चिया, जवस, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया एकत्र केलेलं पाकीट आणते. सकाळी दोन चमचे खा म्हणते. माझ्या कवळीत अडकतात, म्हणून मी घोटभर पाण्याबरोबर गिळते. आमचा सब्जा यापुढे कमी पडतो का? – एक आजी, म्हापसा

आजी, आधी ते गिळणं बंद करा. चियाचा दाणा आपल्या वजनाच्या दसपट पाणी धरून फुगतो. हे फुगणं वाटीत व्हावं, घशात नव्हे. अमेरिकेत एका माणसाने कोरडी चिया तोंडात टाकून वर पाणी प्यायलं आणि त्याची अन्ननलिकाच बंद झाली. डॉक्टरांना दुर्बीण घालून तो गोळा मोकळा करावा लागला. हे प्रकरण २०१४ साली तिथल्या वैद्यकीय परिषदेत मांडलं गेलं होतं. अर्धा तास भरपूर पाण्यात भिजवा, मगच खा.

आता त्या पाकिटातला जवस. अख्खा गिळलात तर तो बहुतेक आला तसाच बाहेर जातो. त्याचं कवच आपल्या पोटाला फुटत नाही. म्हणजे पैसे गेले, आणि मिळालं ते एवढंच की पोट साफ झालं. तो भाजून कुटायलाच हवा. पण इथे माझी फजिती ऐका. रुग्णालयाच्या आहार विभागात बत्तीस वर्षं काढलेली मी बाई, एका जुलैत अर्धा किलो जवस एकदम दळला आणि स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठेवला. आमच्या फोंड्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मीठसुद्धा पाणी सोडतं. तीन आठवड्यांनी डबा उघडला तर घरात रंगारी येऊन गेल्यासारखा वास! त्यात नवल काहीच नव्हतं, ऑइल पेंटमध्ये जवसाचंच तेल असतं. ज्या ओमेगा-३ साठी आपण जवस खातो, तेच हवा लागली की लवकर खवट होतं. म्हणून आठवड्यापुरताच कुटायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. सुक्या खोबऱ्याबरोबर चटणी केलीत तर कवळीचा प्रश्नही सुटतो.

सब्जा आणि चिया ही लांबची भावंडं, दोन्ही तुळशीच्या कुळातली. सब्जा काळा कुळकुळीत, पाण्यात पडला की पाच मिनिटांत पांढरी टोपी घालतो. चिया करडी, ठिपक्यांची, मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची, आणि फुगायला वेळ घेते. पाकिटावर छापलेले आकडे खोटे नसतात. १०० ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम तंतू आणि १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात. पण १०० ग्रॅम चिया खातो कोण? तुमच्या चमचाभरात, म्हणजे दहा ग्रॅमांत, तंतू साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं दीड ग्रॅम. तंतू चांगलेच आहेत, पण प्रथिनांसाठी वाटीभर अळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक, म्हणजे रस्सा, कधीही वरचढ. तंतूच हवे असतील तर सब्ज्यालाही ते काम जमतं.

राहिलं ओमेगा-३. बियांमधलं ओमेगा-३ आपल्या शरीराला बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं फारच थोडं उपयोगाच्या रूपात येतं. बांगडा आणि तारली ते तयार देतात. आठवड्यातून दोनदा बांगड्याचं हुमण होत असेल तर चियावाचून तुमचं काही अडलेलं नाही. मात्र १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, पाठोपाठ श्रावण. त्या दिवसांत जवसाची चटणी ताटात असू द्या.

भोपळ्याच्या बियांवर माझा राग नाही. मॅग्नेशियम आणि जस्त त्यांत भरपूर. फक्त त्या पाकिटातूनच याव्यात असं नाही, तांबडा दुधी चिरताना आपण त्या टाकूनच देतो. (मागे मी इथे नुसतं ‘दुधीच्या बिया’ लिहिलं, तर पुण्याच्या एका वाचकबाईंनी हिरव्या लांबट दुधीतल्या बिया भाजल्या आणि मला चांगलंच सुनावलं. आमच्याकडे दुधी म्हणजे लाल भोपळा, हे तेव्हा लिहायचं राहून गेलं.) धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मंद आचेवर भाजा आणि जवसाबरोबरच कुटा.

बाळंत होऊन दोन महिने झाले. हिमोग्लोबिन कमी आहे. आई म्हणते अळिवाचे लाडू खा, गोळ्या नकोत. आणि तिळाचं काय? – डिचोली

लाडू खा. गोळ्या सोडू नकोस.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. तो आकडा मी किती बाळंतिणींना सांगितला असेल, मोजदाद नाही. वॉर्डात फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचे. मग २०१७ साली त्याच संस्थेचे नवे तक्ते आले आणि अळिवासमोर आकडा होता सतराच्या आसपास. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सतरा काही वाईट नाही, पण शंभर नव्हे. एका लाडवात दहा ग्रॅम अळीव धरला तर दोन मिलिग्रॅमही लोह होत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला २३ मिलिग्रॅम लागतं. शिवाय बियांमधलं सगळं लोह अंगी लागत नाही.

म्हणून लाडवाबरोबर चहा नको, चहाने लोह अडतं. लाडू खाल्ल्यावर आवळा किंवा लिंबू-पाणी घे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून खोबरं-गुळात शिजवतात ती आईची रीत उत्तम आहे, ती बदलू नकोस. गोळी किती महिने घ्यायची ते मात्र डॉक्टर ठरवतील, आई नव्हे, आणि मीही नव्हे.

तिळाचंही विचारलं आहेस. पॉलिश न केलेले घे. कॅल्शियम बहुतेक सालीत असतं. पांढऱ्याशुभ्र, सोललेल्या तिळात फार थोडं उरतं. सालीतलंही सगळं शोषलं जात नाही, तेव्हा तिळाच्या भरवशावर नाचणीची आंबील बंद करू नकोस.

मधुमेह आहे. बिकणां (फणसाच्या बिया) चालतील का? घरात सगळे म्हणतात गॅस होतो. – एक काका, सत्तरी तालुका

काका, तुमचं पत्र वाचून तोंडाला पाणी सुटलं. फणसाची बी तीळ-जवसाच्या पंगतीतली नव्हे. तिच्यात तेल जवळजवळ नाही, आहे तो मुख्यतः स्टार्च. तिला बटाट्याची, सुरणाची बहीण समजा. फरक एवढाच की प्रथिनं बटाट्यापेक्षा जास्त. तेव्हा चालतील, पण भाताच्या वरताण नव्हे, भाताच्या ऐवजी. अळूच्या भाजीत पाच-सहा बिकणां आली तर त्या दिवशी शीत एक डाव कमी वाढून घ्या. दोन तासांनी साखर तपासा, तुमचं यंत्र माझ्याहून खरं सांगेल.

गॅस होतो तो त्यातला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात पोचतो म्हणून. कच्ची बी तर खाऊच नका. तिच्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, तो उकडल्यावर निकामी होतो. वरचं पांढरं चिवट कवच काढा, आतली तपकिरी साल राहू द्या. निखाऱ्यात भाजणार असाल तर आधी सुरीने चीर द्या. आजीच्या चुलीत असंच एक बिकण फुटलं होतं आणि निखारा उडून माझ्या परकराला भोक पडलं होतं. आजीने आधी बिकण कुठे गेलं ते शोधलं, मग माझ्याकडे पाहिलं.

काजू ही बी की सुकामेवा? वजन वाढतं का? – मडगाव

बीच. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, बाहेर लटकलेली, एवढंच. दहा काजू म्हणजे साधारण ८५ कॅलरी, यावरून तुमचा हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळी पेल्याबरोबर येणारी खारवलेली बशी मात्र त्या हिशेबात धरायची विसरू नका.