मामाचा सूट आणि चाकणची मुलाखत

"मॅडम, सूट घालून गेलो तर जास्त वाटेल आणि साध्या शर्टात गेलो तर कमी पडेल, मग मी नक्की घालू तरी काय?" मुलाखतीचे पत्र हातात पडले की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी मुले-मुली दरवर्षी असतात, आणि बहुतेक जण तो अगदी शेवटी, उठता उठता, जरा संकोचाने विचारतात. विषयाची तयारी सोडून कपड्यांचे काय विचारायचे, असे त्यांना वाटत असावे. मी मात्र अशा वेळी त्यांना पुन्हा बसवून घेते, कारण ज्याच्या घरात आजवर कोणी कार्यालयात नोकरी केलेली नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न "तिथली माणसे मला आपल्यातला समजतील का" असा असतो, आणि त्याचे उत्तर "नीटनेटके जा" एवढ्यावर भागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलाची गोष्ट मला यासाठी सांगावीशी वाटते. ओळख कळू नये म्हणून त्याचे नाव देत नाही आणि काही तपशीलही बदलले आहेत. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, एक वर्षाची अप्रेंटिसशिप आणि चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून गुणवत्ता विभागासाठी आलेले बोलावणे, एवढी त्याची शिदोरी होती. मुलाखतीला नऊ दिवस उरले होते. त्याच्या मामाने स्वतःच्या लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी शिवलेला गडद मरून रंगाचा सूट मोठ्या हौसेने त्याला दिला होता आणि "सुटात गेलास की अर्धी मुलाखत तिथेच जिंकलीस" असे सांगितले होते. मुलाला तो सूट नको होता, पण मामाला नाही म्हणणे त्याला जमत नव्हते, कारण पदविकेची दोन वर्षांची फी याच मामाने भरली होती.

मी त्याला दुसऱ्या दिवशी तोच सूट घालून यायला सांगितले आणि पंधरा मिनिटांची सराव मुलाखत घेतली. कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. त्या पंधरा मिनिटांत त्याने अकरा वेळा बाही मागे ओढली आणि प्रत्येक वेळी बोलता बोलता वाक्य मध्येच तुटले. मी टिपून ठेवलेले आकडे त्याला दाखवले तेव्हा त्याला खरेच वाटेना, कारण हात आपोआप जात होता. खांद्यावरची शिवण दंडावर उतरलेली, पाठीवर घामाचा ओला पट्टा आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. अंगावर परके कापड असले की मनाचा एक कोपरा सतत त्याच्याच राखणीला बसतो, हे त्याला मी सांगण्याआधी त्याच्या लक्षात आले.

मग त्याने आधीच्या मुलाखतीबद्दल सांगितले. पुण्यातल्या एका कंपनीत तो अर्ध्या बाह्यांचा चौकड्याचा शर्ट घालून गेला होता आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाकी साऱ्या मुलांच्या गळ्यात टाय होते. नाव पुकारले जाईपर्यंतचा तास त्याने पाय बाकाखाली घेऊन काढला. आत व्हर्नियर कॅलिपर या मोजमापाच्या उपकरणाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, विचारले, तर रोज हाताळलेल्या उपकरणाचे ०.०२ मिलिमीटर हे उत्तर त्याला आठवले नाही. नकार आला आणि "शर्टामुळे गेली" असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला. "शर्टामुळे नाकारले, असे तुला कोणी सांगितले का?" असे मी विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "नाही. पण मला आतून तसंच वाटत होतं." या दोन गोष्टी वेगळ्या करणे हेच आमच्या त्या भेटीतले खरे काम होते, आणि त्याला जवळजवळ सगळा वेळ गेला. त्या दिवशी नोकरी शर्टाने घालवली नव्हती. तासभर मनात चाललेल्या तुलनेने हातचे उत्तर पळवले होते. या वेळी सूट चढवला असता तरी तुलना तशीच राहिली असती, फक्त दिशा बदलली असती.

किती औपचारिक राहायचे हे ठरवण्यासाठी मी आरशाकडे नव्हे, तर कामाच्या जागेकडे पाहायला सांगते. ज्या पदासाठी जायचे त्या पदावरचा माणूस रोज काय घालतो याची चौकशी करावी आणि त्याहून एक पायरी वर राहावे. तीन पायऱ्या वर गेले की अंतर पडते. चौकशीत कमीपणा नाही. पत्रावरच्या क्रमांकावर त्याने माझ्यासमोरच फोन लावला आणि "मुलाखतीनंतर प्लांट दाखवणार आहात का, पायात काय घालून येऊ?" असे विचारले. पलीकडच्या बाईंनी सरळ उत्तर दिले की शॉप फ्लोअरची, म्हणजे यंत्रे चालतात त्या भागाची, फेरी होईल, पूर्ण झाकलेले बूट हवेत आणि टाय नको. यामागचे कारण यंत्रशाळेत वाढलेल्या या मुलाला नव्याने सांगायची गरजच नव्हती. फिरत्या लेथच्या चकजवळ, म्हणजे तुकडा पकडून गरगर फिरणाऱ्या भागाजवळ, लोंबता टाय किंवा सैल बाही म्हणजे अपघाताला आमंत्रण. चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, अशी तरतूद १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या २२व्या कलमातच केली गेली होती. हे त्याला पाठ होते, फक्त स्वतःच्या मुलाखतीला लावून पाहिले नव्हते.

मग ठरले ते साधेच होते: फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, नीट इन केलेला, गडद राखाडी पँट, काळा पट्टा आणि काळे चामड्याचे बूट. शर्ट-पँट त्याच्याकडे होती. खर्च केला तो फक्त बुटांवर, आणि ते मी त्याला लगेच घ्यायला लावले, कारण नवा बूट पहिल्या दिवशी चावतोच आणि लंगडत प्लांट पाहणे बरे दिसत नाही. सलग चार दिवस त्याने ते घरात आणि गावात वापरले. मुलाखतीच्या दिवशी बार्शीहून थेट येण्याऐवजी आदल्या रात्री भोसरीला मित्राच्या खोलीवर मुक्काम केला, इस्त्रीचा शर्ट वर्तमानपत्रात घडी करून नेला आणि पुणे–नाशिक महामार्गावरची कोंडी धरून दोन तास आधी निघाला. घामेजून, धावत पोहोचलेल्या माणसाचा उत्तम शर्टही कामाला येत नाही.

प्रत्येक ठिकाणी उत्तर हेच असते असे मात्र नाही. बँकेत किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात कोट शोभून दिसतो. हिंजवडीतल्या पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्यांत त्याची गरज पडत नाही. शिक्षिकेच्या मुलाखतीला साडीच हवी अशा समजुतीने एक मुलगी आयुष्यात दुसऱ्यांदा नेसलेली साडी पिनांनी जखडून माझ्याकडे आली होती. राज्य शासनाने मार्च २०२४मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल काढलेल्या निर्णयात महिलांसाठी साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा असा पर्याय दिलेला आहे, आणि पुरुषांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचावा असे म्हटले आहे. हे कळताच तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. साडी मनापासून आवडत असेल आणि तिच्यात चपळपणे वावरता येत असेल तर अवश्य नेसावी. फळ्यापर्यंत चालत जाऊन वर हात करून लिहिता येते का, हे घरी आधी करून पाहावे, एवढेच मी सांगते.

त्या मुलाच्या मुलाखतीत एका अधिकाऱ्याने त्याच्या हातात एक पिन आणि मायक्रोमीटर दिला आणि व्यास मोजायला सांगितले. त्याने बाह्या दोन घड्या वर केल्या, मायक्रोमीटरची शून्य चूक, म्हणजे काहीही न पकडता तो शून्यच दाखवतो ना, हे आधी तपासले आणि मग माप घेतले. पंधरा दिवसांनी त्याची निवड झाल्याचे कळले. तिचे श्रेय मी शर्टाला देणार नाही, त्याच्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला देईन.

मामाला काय सांगायचे याची आम्ही मुलाखतीआधी वेगळी तालीम केली होती. कृतज्ञता आधी, अडचण नंतर, असे आमचे ठरले होते. प्रत्यक्षात त्याने मामाला फोनवर एवढेच सांगितले की तिथे मशीनजवळ जावे लागणार आहे आणि कोट अडकू शकतो. मामा लगेच म्हणाला, "अरे मग नको, हात शाबूत पाहिजेत." सूट ड्राय-क्लीन करून परत द्यायला तो स्वतः गेला, आणि जाताना पायात नवे काळे बूट होते, कारण मामाला ते पाहायचे होते.