परदेशातली इंटर्नशिप आणि हप्त्यांची वही

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या एका सूक्ष्मवित्त संस्थेत (लहान व्यावसायिकांना छोटी कर्जं देणाऱ्या) आठ आठवड्यांची बिनपगारी इंटर्नशिप मिळते आहे. काम ‘लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण’ असं कळवलंय. जाण्याआधी काय विचारू आणि तिथे नेमकं काय करू?

उत्तर : आधी व्हिसा. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असं धरून पर्यटक व्हिसावर जाऊ नका. अनेक देश बिनपगारी इंटर्नशिपही कामातच मोजतात. कोणता व्हिसा लागेल हे संस्थेकडून लेखी घ्या, दूतावासाकडून पडताळा. मध्ये एजन्सी असेल तर तुमच्या शुल्कातलं किती संस्थेला पोचतं, तेही विचारा.

‘प्रशिक्षण’ हा शब्द मात्र खटकतो. वीस वर्षं भाजी विकणाऱ्या बाईला, तिची भाषाही न येणाऱ्याने धंदा काय शिकवायचा? हिशेबाचं काम मागून घ्या.

समजा, १०,०००चं कर्ज, व्याज सपाट दराने १० टक्के, ५० आठवडी हप्ते. हप्ता बसतो २२०चा. मुद्दल दर आठवड्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,०००वर. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, मोजलंत तर हाच दर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास जातो. कर्जदारांना यातला कोणता आकडा सांगितला जातो, ते बघा.

थकबाकी तपासताना नवखे हमखास चुकतात. एखादा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला, की जोखमीत फक्त तो हप्ता नाही, त्या कर्जाची सगळी येणे शिल्लक धरायची. गटकर्जात, म्हणजे बायका एकमेकींच्या हमीवर घेतात त्या कर्जात, तर वही स्वच्छ दिसते, कारण अडलेल्या बाईचा हप्ता कधी कधी शेजारणीने भरलेला असतो. हे वहीत सापडत नाही, विचारावं लागतं. आणि विचारताना दुभाषा म्हणून वसुली अधिकाऱ्याला नेऊ नका. त्याच्यासमोर कोण खरं बोलेल?

दुकानदाराला ‘महिन्याला नफा किती?’ विचारलंत तर अंदाजच मिळेल. कालचं विचारा : सकाळी गल्ल्यात ३००, माल आणला ९००चा, घरी नेले २५०, रात्री उरले ४००. म्हणजे ४०० + ९०० + २५० − ३०० = १,२५० रोख विक्री. भाडं-वाहतूक गल्ल्यातून दिली असेल तर तीही मिळवा. उधारीवर गेलेला माल वेगळा लिहा. १,२५०मधून ९०० वजा करून नफा काढू नका, कारण त्यातला काही माल अजून फळीवर असतो. असे सलग १४ दिवस एकाच दुकानाचे लिहिलेत, तर घरात आणि धंद्यात पैसा कसा मिसळतो ते दिसू लागतं.

वसुलीच्या रोकडीला हात लावू नका, मोजायला मदत म्हणूनही नाही. रक्कम कमी भरली की पहिला संशय पाहुण्यावर.