रात्रीची पोळी तोडू नका, आधी झोप पाहा

ताई, पोरगा दहावीत, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल, पहाटे साडेपाचला उठून तालुक्याला ट्युशन, वर्षभरात वजन वाढलं म्हणून तुम्ही रात्रीची पोळी बंद केली अन आता वजन उतरवायची पावडर मागवू का म्हणता. पावडर तर मागवूच नका. अन पोळी आजपासून सुरू करा.

13 ते 18 वर्षांच्या पोरांना 8 ते 10 तास झोप लागते, याला साडेचार भेटून राहिली. झोप तुटली की भूक लावणारं हार्मोन घ्रेलिन वाढते अन पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होते. शिकागोतल्या संशोधकांनी 2004 मध्ये तरुण पोरांना दोनच रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन 18 टक्के खाली अन घ्रेलिन 28 टक्के वर, अन खावंसं काय वाटलं तर गोड, खारट, पिठाचं. जण फक्त 12 होते, म्हणून त्या आकड्यांवर लइ भार देऊ नका, पण कमी झोपणाऱ्या पोरांचं वजन वाढते हे नंतरही पुष्कळदा दिसलं. रात्री बाराला तो चिवड्याचा डबा उघडते ते नुसतं हावरटपण नाही, अन त्यात तुम्ही जेवण तोडलं, मंग तो डब्यावरच पडन ना बाप्पा.

'नऊला झोप' म्हणून ओरडून काही होत नाही. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिनच एक-दोन तास उशिरा सुटते, त्याला आळस म्हणू नका. खरी गोची ट्युशनची आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं की या वयाच्या पोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, अन आपले पोट्टे सहाच्या एसटीत पेंगत जातात! संध्याकाळची बॅच भेटत असन तर चार पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

मोबाईल दहाला तुमच्या उशाशी चार्जिंगले, बापाचाही, नाहीतर पोरगा ऐकत नसते. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलेच पाचेक तास लागतात. ओलिताले रात्रीची लाईन असली की घरात बारा-एकलाही चहा होते, तेव्हा त्याला उठवू नका. रविवारी तासभर जास्त झोपू द्या, दुपारपर्यंत नाही.

वजन रोज पाहू नका, महिन्यातून एकदा, उंचीसोबत. त्याची उंची वाढून राहिली, मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, त्याले लागत नाही, वयाच्या तक्त्यावर पाहावं लागते. मान काळी अन जाड झाली असन तर मळ म्हणून घासत बसू नका, इन्सुलिनची गडबड असू शकते. मान तशी असन का घोरताना श्वास अडकत असन, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरले दाखवा, अन झोपेचे तास आधी कागदावर लिहून न्या, तिथं कोणी आपणहून विचारत नाही.