घरातील दिवे ऑनलाइन मागवताना नेमके काय पाहावे?

आपण लिहिले आहे की बाणेरला दोन बेडरूमचा फ्लॅट ताब्यात आला आहे, रंगकाम सुरू आहे, हॉलला फॉल्स सीलिंग होणार आहे आणि झुंबर, जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा, सीलिंगमधले छोटे दिवे आणि बाल्कनीतला दिवा असे सगळेच ऑनलाइन घेण्याचा विचार आहे. फक्त फोटोवरून निवड कशी करावी हे कळत नाही.

माझ्या मते सगळे ऑनलाइन घेऊ नये. शोभेचे दिवे जरूर घ्यावेत, कारण तेथे जितके प्रकार पाहायला मिळतात तितके कोणत्याही एका दुकानात मिळणार नाहीत. सीलिंगमध्ये बसणारे कन्सील्ड दिवे मात्र बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून किंवा आपला वायरमन ज्याच्याकडून माल उचलतो त्या दुकानातून घ्यावेत. असा एखादा दिवा वॉरंटीत गेला तर तो पावतीसह घेऊन समोर उभे राहता येते; ऑनलाइन घेतलेले मॉडेल तोवर बंद झाले असेल तर नवा दिवा बाकीच्या दिव्यांशी जुळत नाही. दोन कंपन्यांचे, दोन्हींवर 3000 केल्विन (उजेड किती पिवळसर वा पांढरा याचे माप) छापलेले दिवे एकाच छतावर शेजारीशेजारी लावले तर एक किंचित गुलाबीसर आणि दुसरा हिरवट पिवळा दिसू शकतो, आणि एकदा ते लक्षात आले की नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाते. म्हणून कन्सील्ड दिवे एकाच कंपनीचे, एकाच वेळी आणि दोन नग जास्तीचे घ्यावेत.

आता फोटोविषयी. माझ्या मावशींनी जेवणाच्या टेबलासाठी पितळी रंगाचा एक लटकता दिवा मागवला होता. फोटोत तो टेबलाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीचा दिसत होता. खोक्यातून निघाला तो 15 सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे आमटीच्या वाटीहून जेमतेम मोठा. विक्रेत्याने फसवले असेही म्हणता येईना, कारण माहितीच्या तक्त्यात 15 हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. तेव्हा आधी तक्ता वाचावा आणि फोटो नंतर पाहावा. दिलेल्या व्यासाचा वर्तमानपत्राचा गोल कापून तो दोऱ्याने जागेवर टांगून पाहिला की आकाराचा अंदाज लगेच येतो. टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याची खालची कड साधारण 75 ते 90 सेंटिमीटर उंचीवर असावी, आणि वायरची लांबी कमी-जास्त करता येते की नाही हेही तक्त्यातच पाहावे.

झुंबराच्या बाबतीत आपल्याकडे वेगळीच अडचण असते. स्लॅबमध्ये हॉलच्या मध्यावर जो हुक सोडलेला असतो तो पंख्याने अडवलेला असतो, आणि पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये पंखा काढा असे कोणी म्हणणार नाही. झुंबराचे वजन फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डवर टाकता येत नाही. त्याला स्लॅबमधूनच आधार हवा. त्यामुळे झुंबर कोठे येणार हे सीलिंगचे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून तेथे वायर आणि फास्टनर सोडून घ्यावेत. पंख्याच्या पात्यांच्या वर येईल असा दिवा कोठेही लावू नये. पात्यांची सावली भिंतींवर सतत फिरत राहते.

उजेड किती पडेल हे वॅटवरून न पाहता ल्युमेनवरून पाहावे. जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 700 ते 800 ल्युमेन असे. तेवढाच उजेड आज 8-9 वॅटचा एलईडी देतो. दहा बाय बाराच्या बेडरूमला एकूण 2000 ल्युमेनच्या आसपास उजेड पुरतो, मात्र गडद रंगाच्या भिंती आणि जाड दुधी काच त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. ज्या पानावर ल्युमेन दिलेलेच नाहीत ते पान मी बंद करतो.

हॉल आणि बेडरूमला 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर 4000 केल्विनचा उजेड ठेवावा. 6500 केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश घराला दवाखान्याची कळा आणतो, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्यावरून कळते. 80 चालतो, पण ओट्यावर आणि कपाटाच्या आरशासमोर 90 च्या वरचा घ्यावा, म्हणजे साडीचा रंग घरात एक आणि बाहेर दुसरा असे होत नाही.

शोभेच्या दिव्यात शक्यतो बल्ब बदलता येईल असाच दिवा निवडावा. एलईडी आतच पक्का बसवलेला असेल तर तो गेल्यावर बहुधा संपूर्ण दिवाच टाकावा लागतो. होल्डर कोणता आहे हेही पाहावे: आपल्या घरांत सर्रास असतो तो पिनांचा बी-22, तर शोभेच्या दिव्यांत बहुधा आट्यांचा ई-27 किंवा बारीक ई-14 असतो, आणि बल्ब सोबत येतोच असे नाही. दिवा धातूचा असेल तर अर्थिंगची हिरवी वायर जोडायची सोय आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. बल्बवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, आयएस 16102 हा क्रमांक आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. हा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकून खरा की खोटा ते तपासता येते. वळवाच्या पावसात वीज जाते-येते तेव्हा झटका बहुधा ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, बसतो, म्हणून सर्ज संरक्षण (विजेचा दाब अचानक वाढल्यास मिळणारे संरक्षण) किती किलोव्होल्टचे आहे हेही वाचावे.

बाल्कनी पश्चिमेला असेल तर पावसाची झड थेट दिव्यावर येते. तेथे आयपी 65 (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा) घ्यावा, आत वळचणीला असेल तर आयपी 44 पुरतो. वरून उघडी, वाटीसारखी शेड बाल्कनीत नकोच, कारण पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी तिच्यात साचते.

शेवटी मागवण्याच्या वेळेविषयी. माल परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी पोहोचल्या दिवसापासून मोजतात, आणि आपले रंगकाम अजून संपलेले नाही. वायरमन येण्याचा दिवस पक्का झाल्याशिवाय काचेचे काहीही मागवू नये. खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि दिवा टांगून, पेटवून पाहीपर्यंत खोके व थर्माकोल टाकू नये. विक्रेता दाद देत नसेल तर संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याला 48 तासांत पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात तक्रार सोडवावी लागते. तरीही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.