उन्हाळ्यात पांढरा आणि थंडीत पिवळा लाइट बरा वाटतो, हा नुसता भास आहे का?

तुम्ही विचारलंय की पांढऱ्या लाइटमध्ये गार आणि पिवळ्यात उबदार वाटतं हे खरं का, आणि नवीन घरात कोणता लावायचा. मी अमळनेरचा, इथं मे मध्ये पारा 44-45 ला जातो आणि जानेवारीत पहाटे स्वेटरवर शाल लागते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात वर्षातून दोनदा निघतोच.

आधी हे सांगतो की एलईडीच्या रंगाने खोली गरम-गार होत नाही, 9 वॅटचा पिवळा घ्या नाहीतर पांढरा, उष्णता जवळपास तेवढीच. जुना 60 वॅटचा बल्ब मात्र खरंच तापायचा, त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जायची, मला वाटतं पिवळा म्हणजे गरम हे मोठ्या माणसांच्या डोक्यात तिथूनच पक्कं बसलंय.

पण जाणवतं ते खोटं नाही. मे मध्ये आमचा स्लॅब असा तापतो की रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी गरम लागते, कूलर फुल्ल चालू, आणि कुणी पिवळा लावला की आई लगेच म्हणते "तो पिवया लाइट बंद कर, जीव घाबरस". पांढरा लावला की तिला बरं वाटतं, खोली तेवढीच तापलेली असते. आणि हीच आई थंडीत भरताची वांगी भाजून आत आली की स्वतः पिवळा लावते, गोधडीत बसून पांढरा लाइट म्हणजे दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं म्हणते. रंगामुळे किंचित उबदार किंवा गार वाटतं असं काही प्रयोगांतही दिसलंय पण फरक लहान असतो, त्याच्या भरवशावर कूलर विकू नका.

अजून एक, उजेड किती आहे हेही बघा. 1941 मध्ये क्रुइथॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने मांडलं होतं की मंद उजेडात पिवळसर रंग बरा वाटतो आणि पांढरा-निळसर हवा असेल तर उजेड भरपूर लागतो. आमच्या हॉलमध्ये आधी एकच लहान पांढरा बल्ब होता, सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे, दोन ट्यूब लावल्या तेव्हा तोच रंग छान वाटायला लागला.

घेताना खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, बघा, 2700-3000 म्हणजे पिवळा, 4000 मधला, 6500 एकदम पांढरा. हॉल आणि बेडरूमला तीन रंगांचा एलईडी घ्या, बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो, ऋतू बदलला की तुम्ही पण बदला. किचनला 4000, भाजीचा रंग नीट दिसतो. झोपायच्या आधी तासभर मात्र उन्हाळा असला तरी पिवळा आणि मंदच ठेवा, पांढऱ्यातल्या निळ्या प्रकाशाने झोप उशिरा लागते, आईला आम्ही एवढं एकच पटवलंय. आणि बाहेर ओट्यावर सरळ पिवळा लावा, पावसाळ्यात पांढऱ्यावर किड्यांचा नुसता थवा येतो, पिवळ्यावर बरेच कमी.