विमान खाली आणायला लवकर सुरुवात करावी की उशिरा?

जेट विमान कमी इंधनात खाली आणायचे तर सुरुवात केव्हा करावी, आणि स्पीडब्रेक (हवेचा अवरोध वाढवण्यासाठी पंखांवर उघडणारे पत्रे) वापरावे लागले तर ती वैमानिकाची चूक धरावी का, असे आपण विचारले आहे. उंचीच्या दर हजार फुटांना विमानतळाच्या तीन नॉटिकल मैल अलीकडे आणि वेग उतरवण्यासाठी आणखी दहाएक मैल, हा हिशेब आपल्याला ठाऊक असेलच. मला बोलायचे आहे ते लवकर खाली येणाऱ्याला सावध समजण्याच्या सवयीबद्दल, कारण ती सवय निखालस चुकीची आहे.

मी को-पायलट असताना मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या दुपारच्या विमानात एक ज्येष्ठ कॅप्टन माझ्या शेजारी होते. आम्ही ३१,००० फुटांवर होतो आणि वारा नगण्य होता, म्हणजे ९३ अधिक १०, गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या १०३ मैल अलीकडे, रत्नागिरीच्या किंचित उत्तरेला थ्रॉटल मागे घ्यायचे, म्हणजे इंजिनांचा जोर काढायचा, असे मी सुचवले. त्यांनी मात्र डावीकडे दाभोळची खाडी दिसताच, तीसेक मैल आधी, विमान खाली घ्यायला सुरुवात केली आणि 'खाली असलेले बरे, सगळे हातात राहते' असे म्हणून विषय मिटवला. व्हायचे तेच झाले. मालवणसमोर आम्ही ४,००० फुटांवर येऊन ठेपलो तेव्हा दाबोळी अजून चाळीस मैलांवर होती. इतका वेळ आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, असलेल्या इंजिनांना पुन्हा जोर द्यावा लागला, आणि सिंधुदुर्गाच्या तटावर फुटणाऱ्या लाटांचा फेस दिसत होता अशा उंचीवरून आम्ही जवळजवळ सात मिनिटे सपाट उडत राहिलो. खालच्या दाट हवेत अशा उड्डाणाला आयडलच्या तीन-चार पट इंधन लागते. हॉटेलच्या गाडीत मी तसे म्हणताच त्यांनी साऱ्या क्रूसमोर ऐकवले, 'हिशेब कंपनीने करावा, आपण विमान उतरवावे.' माझे काका मालवणात तांडेल होते. धक्क्यापासून किती अंतरावर इंजिन बंद केले म्हणजे होडी आपसूक कडेला लागते, हे त्यांना कोणत्याही कंपनीने शिकवले नव्हते.

उंची म्हणजे वर चढताना आधीच जाळलेले इंधन होय. ती थ्रॉटल आयडलवर ठेवून, एका ओघात, मध्ये कुठेही सपाट न होता वापरावी. वारा पाठीमागून असेल तर सुरुवात आणखी आधी करावी. विमान जड असेल तरीही आधीच करावी, कारण त्याच वेगाला जड विमान अधिक दूरवर तरंगत जाते. हे अनेकांना उलटे वाटते. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या ढगांत इंजिनाचे अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू केले की आयडलचा जोर वाढतो आणि उतार चपटा होतो, तेही धरून चालावे.

स्पीडब्रेकचे म्हणाल तर स्वतःच्या आळसामुळे ते वापरावे लागले असतील तर ती चूकच आहे, परंतु एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) वर अडकवून ठेवले असेल तर त्यात लाज कसली? मात्र आधी वेग वाढवावा, कारण जास्त वेगाला हवेचा अवरोधही वाढतो आणि स्पीडब्रेकही नीट चावतात; २१० नॉट (ताशी नॉटिकल मैल) वेगाला ते नुसतेच थरथरतात. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असल्याने हे सारे त्याच्या वर असतानाच उरकावे लागते.

हे सर्व समुद्रावरून मोकळी वाट मिळाली तर लागू पडते. पूर्वेकडून सह्याद्री ओलांडून मोपा किंवा चिपी विमानतळावर येताना किमान उंचीचे बंधन आधी पाळायचे असते, पुढे दुसरे विमान असेल तर एटीसी सांगेल तसे यावे लागते, आणि नेमके आकडे आपापल्या विमानाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. त्या कॅप्टनसाहेबांचे एक म्हणणे मी मान्य करतो: विमानाच्या संगणकात वारा नीट भरलेला नसेल तर त्याने दाखवलेला खाली येण्याचा बिंदू उशिराचा निघू शकतो, त्यामुळे चार-पाच मैल हाताशी राखायला माझी हरकत नाही. तीस मैलांना आहे.