ख्रिस्ती माणसाच्या मरणावर रडायचं नसतं का?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीच्या अंत्यविधीला तिच्या घरचे शांतपणे गीतं म्हणत होते, तुम्हाला मात्र रडू आवरेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "रडू नका, ती प्रभूजवळ गेली." आपलं काही चुकलं का आणि मैत्री तिथेच संपली का, असं तुम्ही विचारताय. मी नगरच्या प्रोटेस्टंट घरातला. ते वाक्य मीही ऐकलंय आणि एकदा दुसऱ्याला ऐकवलंयही. त्याचं आज फार वाईट वाटतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, 11वा अध्याय वाचा. यरुशलेमपासून तीनेक किलोमीटरवर बेथानी गाव. लाजर आणि त्याच्या बहिणी मार्था, मरीया तिथं राहतात. लाजर आजारी असल्याचा निरोप येतो, पण येशू पोहोचतो तोवर त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. आपला मित्र झोपलाय, मी त्याला उठवायला जातो, असं येशू निघतानाच शिष्यांना म्हणालाय. म्हणजे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे. तरी मरीयेला रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि मग ते दोनच शब्दांचं वचन येतं: येशू रडला. जो थोड्याच वेळात परत भेटणार, त्याच्यासाठीसुद्धा! मग तुम्हाला रडू नका म्हणणारे आम्ही कोण? येशूचा प्रेषित पौल, त्यानंही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला इतकंच लिहिलं, की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो कुठे म्हणतो?

मी मात्र दर वेळी अडकतो ते याच अध्यायातल्या दुसऱ्या एका गोष्टीपाशी. बेथानीला जाणं जिवावरचं होतं. त्या भागात लोक नुकतेच येशूला दगडमार करायला निघाले होते. शिष्य अडवतात. तेव्हा त्यांच्यातला थोमा म्हणतो, चला, आपणही याच्याबरोबर मरायला जाऊ. (थोमा म्हटलं की लोकांना येशूच्या पुनरुत्थानावर त्यानं घेतलेला संशय आठवतो, मला हे वाक्य आठवतं.) आणि झालंही तसंच. येशूच्या हाकेनं मेलेला लाजर जिवंत उठल्याचं कळल्यावर यहुद्यांच्या धर्मसभेनं येशूला मारायचं ठरवलं. मित्राला कबरेबाहेर बोलावलं, ते स्वतःचा जीव पणाला लावून. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असं तो पुढे 15व्या अध्यायात सांगतो, तेव्हा मला बेथानीच दिसतं.

माझा शाळेपासूनचा दोस्त पावसाळ्यात गेला. मूठभर माती टाकायची वेळ आली, तर ती काळी चिकट माती हातातून सुटेना. दुसऱ्या हातानं खरवडून पेटीवर टाकली. पाळकसाहेब "मातीला माती" म्हणत होते आणि मी नखांतली माती काढत उभा होतो. पुनरुत्थानावर माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. त्या मुठीचं ओझं त्यानं हलकं झालं नाही.

मैत्री संपली का? आमच्याकडे कबरीवर "प्रभूमध्ये निजला" असं कोरतात. दफनभूमीला इंग्रजीत सिमेटरी म्हणतात, त्या शब्दाचं ग्रीक मूळही "झोपायची जागा" असंच आहे. वसईकडचे कॅथलिक 2 नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही, पण पवित्र जनांच्या सहभागितेवर, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावर, विश्वास असल्याचं उपासनेत आम्हीही म्हणतो, आणि गेलेली माणसं मी त्यातून वगळत नाही.

तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून बिचकू नका. फुलं घेऊन तिच्या कबरीवर जा. तिच्या आईलाही भेटा, लेकीचं नाव घेणारं कुणीतरी त्यांना हवं असेल. मी दर नाताळला दोस्ताच्या आईकडे जातो. करंज्यांचा डबा भरून ठेवलेला असतो. त्याला खुसखुशीत आवडायच्या, म्हणून त्या अजून तशाच तळतात. दोघंही थोडं रडतो, मग त्या चहा टाकतात.